गायतोंडे यांच्या चित्रातली रेषा कुठे गेली?

प्रश्न : वासुदेव गायतोंडे यांची १९५०च्या सुमाराची चित्रं आणि १९७० नंतरचे मोठे कॅनव्हास एकाच हातचे वाटत नाहीत. साल झाकलं तर काळ कसा ओळखायचा? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आधी रेषा शोधा. १९४८मध्ये त्यांनी मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. त्यानंतरच्या चित्रांत माणसं आहेत, बाह्यरेषा स्पष्ट आहे, रंग सपाट आहेत. भारतीय लघुचित्रं आणि युरोपीय चित्रकार पॉल क्ले, दोन्हींचा अभ्यास तिथे दिसतो. १९५७च्या आसपास ही बाह्यरेषा सुटते. ब्रश मागे पडतो, रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवायची बोथट सुरी) हातात येतात. साठच्या दशकाच्या अखेरीस उभा कॅनव्हास कायमचा होतो. थर पातळ, आतून उजळल्यासारखे. त्यावर न वाचता येणाऱ्या लिपीसारख्या खुणा. १९८४च्या अपघातानंतर मोठं काम थांबलं आणि कागदावर शाईची छोटी रेखाटनं आली. म्हणजे रेषा परतली, पण आता ती कशाचीही कड नव्हती! पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. स्वतःच्या कामाला ते 'अमूर्त' नव्हे, 'वस्तुनिरपेक्ष', म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्रण नसलेलं, म्हणत.

मूळ चित्र समोर असेल तर बाजूला सरकून तिरप्या उजेडात पाहा. छपाईत थर सपाट होतात.

प्रश्न : गायतोंडे यांच्यासारखे पातळ थर तैलरंगात रोलरने द्यायला गेले की माझा रंग मातकट होतो. वाळल्यावर तडेही जातात. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : या दोन चुका वेगळ्या आहेत. खालचा थर ओला असतानाच विरोधी रंग फिरवला, की दोन्ही मिसळून मातकट होतात. बोट लावून रंग चिकटत नाही ना, ते बघा. अंबर हा तपकिरी रंग दोन-तीन दिवसांत वाळतो, पांढऱ्याला आठवडाही लागतो, पावसाळ्यात आणखी.

तडे तेलाच्या क्रमामुळे जातात. पहिला थर फक्त टर्पेंटाइनने पातळ करा, जवसाचं तेल वरच्या थरांत थोडं थोडं वाढवा. उलट केलंत तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो. पांढऱ्यांपैकी झिंक व्हाइट ठिसूळ असतो, टिटॅनियम व्हाइट घ्या.

गायतोंडे रंग लावलेले कागदाचे फाटके तुकडे कॅनव्हासवर दाबूनही खुणा उमटवत. करून पाहायचं तर रंग कमी घ्या, रबरी रोलर एकदाच फिरवा, कागद एका कोपऱ्यातून सावकाश सोलून काढा. रंग जास्त झाला की कड फुगते, खूण डागासारखी दिसते. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.