पहिले विवरणपत्र दुसऱ्याकडून भरून घेताना

नाशिकला सातपूरच्या कारखान्यात नुकतेच लागलात आणि प्राप्तिकराचे पहिले विवरणपत्र सल्लागाराकडून भरून घेताना काय काळजी घ्यावी, हे आधीच विचारलेत, हे फार चांगले केलेत. प्राप्तिकर पोर्टलचा पासवर्ड स्वतःकडेच ठेवा आणि तेथे मोबाइल क्रमांक, ईमेल व परताव्याचे (जादा कापलेला कर परत मिळण्याचे) बँक खाते आपलेच नोंदवा. माझ्या सल्लागाराने स्वतःचा क्रमांक दिल्यामुळे विभागाची नोटीस मला कित्येक महिने कळलीच नाही. परताव्यावर टक्केवारी मागणाऱ्याला स्पष्ट नकार द्या, कारण परतावा वाढवण्यासाठी त्याने न दिलेली देणगी किंवा खोटे घरभाडे दाखवले, तरी जबाबदारी करदात्याचीच राहते आणि बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. सल्लागाराने केलेला विवरणपत्राचा मसुदा फॉर्म १६शी, म्हणजे कारखान्याकडून मिळणाऱ्या पगार व कापलेल्या कराच्या दाखल्याशी, ताडून पाहा. विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत ई-पडताळणी, म्हणजे ते आपलेच असल्याची ऑनलाइन पुष्टी, करा. चूक आढळलीच, तर घाबरू नका; मुदतीत सुधारित विवरणपत्र भरता येते.