डिजेरिडू, बासरी आणि आपला बांबू

प्रश्न असा आला आहे की 'डिजेरिडू' हा शब्द ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या कोणत्या भाषेतला, आणि मराठीत त्या वाद्याला 'आदिवासी बासरी' म्हटले तर चालेल का.

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ध्यानवर्गांच्या निमंत्रणपत्रिकांत हा प्रयोग वाचून मी विटलो आहे. चालणार नाही. वाळवीने आतून पोखरलेले निलगिरीच्या कुळातील खोड घ्यायचे, तोंडाशी मेणाचे कडे बसवायचे आणि त्यात ओठ थरथरवायचे, अशी या वाद्याची रीत असून त्याला बोटांसाठी एकही भोक नसते. नाते जोडायचेच असेल तर ते तुतारीशी जोडावे, आणि नाकाने श्वास घेत असतानाच गालांत साठवलेली हवा सोडत राहण्याच्या दमसासापुरते सनईवाल्यांशी.

आता शब्दाविषयी. तो तेथील आदिवासींच्या कोणत्याही भाषेतला नाही. 'तुणतुणे' जसे कानाला जे ऐकू आले त्यावरून घडले, तसेच विसाव्या शतकाच्या आरंभी गोऱ्या वसाहतकारांच्या कानाने हे नाव घडवले, असे बहुतेक कोशकार मानतात. आयरिश भाषेतील 'काळा तुतारीवाला' अशा अर्थाच्या शब्दजोडीतून ते आले, अशीही एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती ऐकायला गोड आहे. पण ती वाजवणाऱ्याचे नाव वाद्याला चिकटवते आणि ते कसे चिकटले हे सांगत नाही, म्हणून मला ती ओढूनताणून आणलेली वाटते.

वाद्य मुळात ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचे. पूर्व आर्नहेम लँडमधील योलंगू लोक त्याला 'यिडाकी' म्हणतात, पश्चिमेकडे 'मागो' म्हणतात. विधींत ते पुरुष वाजवतात, आणि टिपऱ्यांच्या ठेक्यावर गायल्या जाणाऱ्या कुळांच्या गीतांना, म्हणजे भूमी घडवणाऱ्या पूर्वजांच्या कथांना, ते साथ करते. मृताचे नाव तर टाळायचेच, पण त्याच्याशी जुळणारा साधा शब्दही टाळायचा, अशी तेथील चाल असल्यामुळे 2011 मध्ये 'यिडाकी'शी जुळत्या नावाचे एक गृहस्थ निवर्तल्यावर काही योलंगूंनी 'मंडपुल' हा शब्द वापरण्यास सुरुवात केली. बांगडी 'वाढवणाऱ्या' आणि नवऱ्याचे नाव उखाण्यापुरते राखून ठेवणाऱ्या समाजाला हे समजावून सांगावे लागू नये.

पण मला खरा आनंद देणारे नाव वेगळेच आहे. तेथील इंग्रजी-मिश्रित बोलीत अनेक आदिवासी या वाद्याला सरळ 'बंबू' म्हणतात, मग ते निलगिरीचे का असेना. हे निष्कारण नाही. त्या प्रदेशातील नद्यांकाठी बांबूची एक स्थानिक जात वाढते, आणि कोबर्ग द्वीपकल्पावर एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांनी सुमारे तीन फूट लांबीचे बांबूचेच वाद्य पाहिले होते. आता हा 'बांबू' इंग्रजीत आला कोठून? गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरील ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात वंशलोचनाविषयी, म्हणजे बांबूच्या पोकळीत सापडणाऱ्या औषधी पदार्थाविषयी लिहिताना, येथले लोक त्या वेळूला 'मांबू' म्हणतात, अशी नोंद त्याने केली आहे. शब्दाचे मूळ मलय भाषेत शोधणारे पंडित आहेत, कन्नडात शोधणारेही आहेत. मलयवाल्यांनी ऑर्ताची ती नोंद आधी नीट वाचावी, असे माझे नम्र पण ठाम मत आहे. पोर्तुगिजांनी तो शब्द आपल्याच किनाऱ्यावर उचलला, इंग्रजांनी तो पुढे नेला, आणि ज्या लोकांच्या वाद्याला इंग्रजांनी भलतेच नाव दिले त्यांनी हा शब्द मात्र आपलासा केला, असा प्रवास मला दिसतो.

गंमत अशी की 'बासरी'च्या मुळाशीही वंश, म्हणजे वेळूच आहे. त्यामुळे निमंत्रणपत्रिकेवाल्यांचा वाद्य ओळखण्यात घोटाळा झाला असला, तरी व्युत्पत्तीत ते नकळत बांबूपर्यंत पोहोचले, एवढे श्रेय मी त्यांना देतो. तरीही मराठीत 'डिजेरिडू'च लिहावे, आणि योलंगूंविषयी लिहिताना 'यिडाकी'.