'कच्चा' खेळाडू की 'अनघड' खेळाडू?

प्रश्न असा आहे: बास्केटबॉलवरचा एक लेख मराठीत आणताना १८ वर्षांच्या यानिस अँटेटोकुम्पोबद्दलचं एक वाक्य अडलं. पोरगा 'रॉ' आहे, पण 'पोटेन्शियल' प्रचंड. 'कच्चा, पण प्रचंड क्षमतेचा खेळाडू' असं लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नको. अडचण दोन्ही शब्दांत आहे, पण 'कच्चा'ची जास्त गंभीर आहे.

'कच्चा' वस्तूला लागला की अवस्था सांगतो. कच्चा फणस, कच्चा माल, कच्चा खर्डा. फणस पिकेल, मालाचं काही बनेल, खर्ड्याची पक्की प्रत होईल. तोच शब्द माणसाला लागला की उणीव सांगतो. गणितात कच्चा, हिशेबात कच्चा, कच्च्या गुरूचा चेला. लपाछपीतलं कच्चं लिंबू आठवा. त्या लहानग्यावर राज्य येत नाही, कारण तो खेळात धरलेलाच नसतो. कच्चा-पक्का ही जोडीसुद्धा माणसापाशी येऊन तुटते. खर्डा पक्का होतो, पण 'तो पक्का आहे' म्हटलं की आपल्याला बेरकी माणूस दिसतो. त्यामुळे 'कच्चा खेळाडू' वाचणाऱ्याच्या मनात 'हा पुढे होईल' हे येतच नाही. 'याला जमत नाही' एवढंच येतं.

आता मुलगा कोण होता ते पाहा. ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये फिलाथ्लिटिकोसकडून खेळणारा. २०१३च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, मिलवॉकी बक्स या संघाने त्याला १५व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या मोसमात ७७ सामने, सरासरी ६.८ गुण. संघ ८२पैकी ६७ सामने हरला. पण उंची ६ फूट ९ इंच, हात लांबलचक, आणि एवढ्या उंचीचा मुलगा चेंडू स्वतः टप्पे देत पुढे आणणारा. अंग अजून भरायचं होतं. उंचीही निवडीनंतर आणखी वाढली.

याला मी 'अनघड' म्हणेन. शब्द दगडाकडून आलेला वाटतो, पण दोष देत नाही. टाकी अजून लागलेली नाही, एवढंच सांगतो. शिवाय 'घडणं' आणि 'घडवणं' त्याच्या पोटातच आहेत, म्हणजे खेळाडूची मेहनत आणि प्रशिक्षकाचं कामही त्यात आलं. दोन्ही शब्दांतला फरक यानिसवरच दाखवता येतो. २०१८-१९मध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा त्याचे तीन गुणांचे नेम फक्त २५.६ टक्के लागत होते, चारातला जेमतेम एक. त्या वर्षीचा यानिस अनघड मुळीच नव्हता, पण लांबच्या नेमात कच्चा होता. सप्तमीचा 'त' लावून 'कच्चा' वापरा, तिथे तो अगदी चपखल बसतो.

'क्षमता' मला इथे थंड वाटते. धरणाची क्षमता, बसची क्षमता म्हणजे आज किती मावतं ते. 'वकूब' बहुतेक वेळा माणसाची मर्यादाच दाखवतो. 'होतकरू' छान शब्द होता, पण 'गरीब व होतकरू विद्यार्थी' लिहून लिहून आपण त्यात कीव मिसळली. 'पाडाला आलेला'ही नाही, कारण पाडाचा आंबा चार दिवसांत पिकतो आणि या मुलाला वर्षं लागणार होती.

मराठी इथे नामापेक्षा क्रियापदाला जवळ करते. 'मोठी मजल मारेल', 'कुठवर मजल जाईल' हे आपण रोज बोलतो. आणि माझा सर्वांत आवडता पर्याय शिंप्याकडचा आहे: वाढत्या अंगाचा. आई शाळेचा स्कर्ट वाढत्या अंगाचा शिवून घ्यायची, खाली चार बोटं दुमड. दोन वर्षांनी ती दुमड उसवली की आतली पट्टी बाकीच्या स्कर्टपेक्षा गडद निळी निघायची. ऊन न लागलेली, पण पहिल्या दिवसापासून तिथेच असलेली. तरुण खेळाडू पारखणारा हीच दुमड चाचपत असतो.

एक काळजी मात्र घ्या. २०२१च्या अंतिम मालिकेत सहाव्या सामन्यात यानिसने ५० गुण करून विजेतेपद मिळवून दिलं, हे आपल्याला माहीत आहे, म्हणून 'मारेलच' लिहायचा मोह होईल. पण पंजाबचा सतनाम सिंग २०१५मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२व्या क्रमांकावर घेतला, ड्राफ्टमधून निवडला गेलेला पहिला भारतीय. ७ फुटांहून उंच असलेल्या त्या मुलाबद्दलही आशा होती, आणि एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. निवडीच्या दिवशी दोघांसाठी क्रियापद एकच होतं, 'शकेल'. तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'पोरगा अजून अनघड आहे, पण अंग वाढतं आहे, मोठी मजल मारू शकेल.'