पप्पा म्हणतात, मुलगी नास्तिक झाली

"मॅडम, मुलगी नास्तिक झालीय. तुमच्याशी बोलली की येईल ना ताळ्यावर?"

मी समुपदेशनाचं काम करते, असे फोन मला अधूनमधून येतात. घर कुठल्याही धर्माचं असो, वाक्य जवळपास हेच. हा फोन साताऱ्यातल्याच एका ख्रिस्ती घरातून आला होता. मुलीला इथं रूथ म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हे लिहिण्याला घरच्यांची संमती आहे. रूथ बीएस्सीला, विषय भूगर्भशास्त्र. लहानपणापासून चर्चमध्ये कीबोर्ड वाजवायची, संडे स्कूलच्या लहान मुलांना शिकवायची. गेल्या पावसाळ्यापासून तिनं दोन्ही सोडलं. वडील एक्स-रे टेक्निशियन, चर्चच्या कमिटीवर. आईची मुख्य काळजी होती की मुलगी रात्री झोपत नाही. ते तिनं शेवटी, उठता उठता सांगितलं. माझ्या दृष्टीनं तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं.

वडिलांनी आधी मलाच तपासून घेतलं. "तुम्ही ख्रिस्ती नाही. मग तुम्हाला हे कसं कळणार?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "तुमचा धर्म तिला पटवणं हे माझं काम नाही, आणि तो सोडवणंही नाही. तुमच्या घरात बोलणं बंद पडलंय, ते सुरू करून देता आलं तर बघते." ते फारसे खूश झाले नाहीत. "मी काही विज्ञानाच्या विरोधात नाही हो," म्हणाले, "पण हे दाभोलकरांचं गाव. इथं पोरांचं डोकं फिरायला वेळ लागत नाही." नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे हे खरंच. पण त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची जाहीर भूमिका देवाला विरोध करण्याची नव्हती, देवाधर्माच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीला विरोध करण्याची होती. आणि रूथ त्यांच्यापैकी कुणाच्या व्याख्यानाला गेलेलीच नव्हती.

तिचं डोकं फिरलं ते घाटात. कॉलेजच्या अभ्यासदौऱ्यात सरांनी रस्त्यासाठी कापलेली दरड दाखवली होती. काळ्या कातळाचा एक थर, त्यावर विटेच्या रंगाचा लाल पट्टा, त्यावर पुन्हा काळा कातळ. पट्ट्यातला एक तुकडा तिनं जपून ठेवला होता, तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवला. हातात घेतला तर बोटं लाल झाली. "याला रेड बोल म्हणतात," ती सांगू लागली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मोकळा झाला. लाव्हा पसरला, थंड झाला. मग ऊनपावसानं त्याचा वरचा भाग कुजून माती झाली. त्यावर दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. सह्याद्रीत असे थरांवर थर आहेत, आणि हे सगळं घडलं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. "एका थराची माती व्हायलाच किती काळ लागतो मॅडम! आणि यूथ मीटिंगमध्ये मला सांगितलं, पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे. मी हा तुकडा दाखवला तर म्हणाले, सैतान अशीच शंका पेरतो."

मग तिनं जे विचारलं ते माझ्याकडे येणारी बहुतेक विज्ञानाची मुलं वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. उत्पत्ती म्हणजे बायबलचं पहिलं पुस्तक, त्याचा पहिलाच अध्याय खोटा निघाला, तर पुढच्या पानांवर विश्वास का ठेवायचा? येशू तरी कशावरून?

हा 'सगळं किंवा काहीच नाही' असा सौदा तिनं स्वतः केलेला नव्हता. तो तिला संडे स्कूलमध्येच मिळाला होता. विश्वास एका आकड्याला बांधून ठेवला की आकडा सुटल्याबरोबर विश्वासही सुटतो. म्हणून मी रूथ आणि वडील, दोघांनाही आधी आकड्याचाच इतिहास सांगितला. सहा हजार वर्षं हा आकडा उत्पत्तीच्या पुस्तकात कुठंही लिहिलेला नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या वंशावळींतल्या वयांची बेरीज आणि प्राचीन इतिहास यांचा मेळ घालून सृष्टीचं साल इसवी सनपूर्व ४००४ ठरवलं आणि ते १६५० साली छापलं. पुढे इंग्रजी बायबलच्या समासात हे साल येऊ लागलं आणि लोकांना ते शास्त्रवचनच वाटू लागलं. त्याच्या कितीतरी आधी, सुमारे १६०० वर्षांपूर्वी, संत ऑगस्टिननं उत्पत्तीवर लिहिताना, देवानं सृष्टी घडवली ते सहा दिवस आपल्या दिवसांसारखे असलेच पाहिजेत असं नाही, असं म्हटलं होतं. ख्रिस्ती माणसानं आकाश-पृथ्वीबद्दल अज्ञानानं बोलून बाहेरच्यांसमोर बायबलचं हसं करून घेऊ नये, असंही त्यानं बजावलं होतं. वडिलांनी ऑगस्टिनचं नाव वहीत लिहून घेतलं.

विश्व प्रसरण पावतंय हा विचार १९२७ साली मांडणारे बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते, हे दोघांनाही माहीत नव्हतं. वडिलांचा चेहरा खुलला. पण लगेच पुढचंही सांगावं लागलं. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांताचा निर्मात्याशी संबंध जोडला, तेव्हा लमेत्र यांनाच ते रुचलं नाही. आपल्या गणिताला देवाचा पुरावा म्हणून उभं करू नका, अशी त्यांची भूमिका होती. एक सावध करते. अशी नावं घेऊन आईवडील मुलांना गप्प करायला बघतात. "बघ, मोठमोठे शास्त्रज्ञ देव मानतात!" मोठमोठे शास्त्रज्ञ देव मानत नाहीत हेही तितकंच खरं आहे, आणि मुलांच्या मोबाइलवर ती यादी तयार असते. विज्ञान शिकल्यावर देव सोडावाच लागतो असं नाही, एवढंच या नावांवरून कळतं.

नंतर मी वडिलांच्या परवानगीनं त्यांच्याच ओळखीच्या एका निवृत्त पाळकसाहेबांना, म्हणजे पास्टरना, बोलावलं. मिरजेचे, शांत माणूस. त्यांनी उत्पत्ती उघडलं आणि रूथलाच वाचायला लावलं. उजेड पहिल्या दिवशी, सूर्य-चंद्र मात्र चौथ्या दिवशी. पहिल्या अध्यायात आधी पशू, मग माणूस. दुसऱ्यात आधी माणूस. "लिहिणाऱ्याला हे दिसलं नसेल का?" पाळकसाहेब म्हणाले. "शेजारची माणसं सूर्याला, चंद्राला देव म्हणून पुजत होती. हा म्हणतो, ते देव नाहीत, देवानं लावलेल्या ज्योती आहेत. त्याचा मुद्दा तो आहे. दगडाचं वय त्याला कुणी विचारलेलंच नाही." वडील बघतच राहिले. "मग हे आम्हाला आजवर उपदेशात का नाही सांगितलं?" पाळकसाहेबांनी आडपडदा ठेवला नाही. "आम्ही शिकताना हे शिकतो. व्यासपीठावर आलं की लोकांना धक्का नको म्हणून गिळतो."

मला विचाराल तर हे गिळणं महागात पडतं. मोठ्यांना धक्का नको म्हणून जे झाकलं जातं, ते त्यांची मुलं कॉलेजात एकटीनं ऐकतात.

पण एवढ्यानं रूथचं समाधान झालं असं नाही. ती हुशार आहे. तिनं लगेच विचारलं, "मग आदाम एकच माणूस नव्हता तर त्याच्यामुळे जगात आलेल्या पापाचं काय? नव्या करारातला पौल तर आदाम आणि ख्रिस्त यांची तुलना करतो. आणि माणूस यायच्या कितीतरी आधी प्राणी मरतच होते, मग मरण पापामुळे आलं हे कसं?" पाळकसाहेबांनी निरनिराळी मतं सांगितली आणि "यावर आमच्यातही एकमत नाही" हेही सांगितलं. सांधा प्रत्येक ठिकाणी बसत नाही, आणि बसल्याचं नाटक मुलांना चटकन कळतं.

आता झोपेचं. रूथ दिवसा म्हणायची, नरक नाही. रात्री दोन वाजता छातीत धडधड, हात थंड. घाबरून प्रार्थना करायची आणि सकाळी स्वतःलाच ढोंगी म्हणायची. हे कित्येकांचं होतं. विचार बदलतो, पण लहानपणी मनात बसलेली भीती त्याच वेगानं जात नाही. तिच्या घाबरण्यावर आम्ही इतर कुठल्याही घाबरण्यासारखंच काम केलं. श्वास, झोपेची वेळ, मध्यरात्री यूट्यूबवरचे वादविवाद बंद. धडधड म्हणजे देव आहे याचा पुरावा नाही, आणि प्रार्थना केली म्हणजे तिचे प्रश्न खोटे ठरले असंही नाही, हे तिला अनेकदा सांगावं लागलं. पाळकसाहेबांनी मार्काच्या शुभवर्तमानातला आजारी मुलाचा बाप आठवून दिला. विश्वास आणि अविश्वास दोन्ही एका दमात कबूल करणारा. त्याला येशूनं परत पाठवलं नाही.

वडिलांची खरी भीती फार उशिरा बाहेर आली. बायको आणि मुलगी बाहेर बसल्या असताना ते म्हणाले, "मॅडम, मेल्यावर आम्ही सगळे एकत्र असू आणि ही नसेल. मला झोप कशी येईल?" ही माया होती. ती इतके महिने व्हॉट्सअ‍ॅपवर उत्क्रांतीविरोधी व्हिडिओ पाठवून व्यक्त होत होती, आणि पोरीला त्यात माया सोडून सगळं दिसत होतं.

तेव्हा मी त्यांना डार्विनच्या घरची गोष्ट सांगितली. चार्ल्स आणि एमा यांचं लग्न १८३९ मधलं. एमा श्रद्धाळू. चार्ल्सच्या शंका बघून तिनं त्याला पत्र लिहिलं, त्यात आपण कायमचे एकमेकांचे असणार नाही की काय ही भीती होती. त्यानं ते पत्र जपून ठेवलं आणि खाली लिहिलं, की मी गेल्यावर तुला कळू दे, मी कितीदा हे पत्र ओठांना लावून रडलोय. १८५१ मध्ये त्यांची दहा वर्षांची मुलगी अ‍ॅनी गेली. त्याचा विश्वास परतला नाही, तिचा सुटला नाही. १८८२ मध्ये तो जाईपर्यंत दोघं एकत्र राहिले. नास्तिक हे नाव मात्र त्यानं स्वतःला लावलं नाही, अज्ञेयवादी म्हणवून घेतलं.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या रेव्हरंड टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पण शेवटी त्याही आल्याच ना प्रभूकडे!" मी डार्विन सांगितला, त्यांनी टिळक ऐकला. तेवढी आशा त्यांची त्यांना असू दे, म्हणून मी काही बोलले नाही. मात्र एक कबूल करून घेतलं, की ही आशा रोज जेवणाच्या ताटावर वाढायची नाही. फी, हॉस्टेल, नवा मोबाइल यांची सांगड उपासनेच्या हजेरीशी घालायची नाही. चर्चमध्ये तिचं नाव घेऊन जाहीर प्रार्थना नको. आणि घाटात काय पाहिलं ते एकदा तिच्याकडून ऐकायचं, मध्ये न बोलता. रूथकडूनही घेतलं. पाहुण्यांसमोर पप्पांच्या आकड्यांची टिंगल करायची नाही, आणि आजी प्रार्थनेला बसली की उठून जायचं नाही. डोळे मिटायची सक्ती नाही.

ती आता झोपते. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीत भाग घेत नाही. "मी सध्या काही नाही," असं म्हणते. डिसेंबरमध्ये तिनं आपणहून सांगितलं, कीबोर्ड वाजवीन, पण उभं राहून विश्वासाची साक्ष देणार नाही. कमिटीत प्रश्न निघाला, विश्वास नसलेल्या मुलीनं उपासनेत वाजवावं का? वडील पहिल्यांदाच कमिटीशी भांडले. शेवटी ठरलं, घरोघरच्या कॅरोलला वाजवावं, रविवारी नको. वडिलांना ही तडजोड पटली, रूथला मुळीच नाही. "कॅरोलला चालते, मग रविवारी का नाही?" यावर दोघांची रोज जुंपते, आणि आई म्हणते, निदान बोलतात तरी.