देवावर श्रद्धा आहे, तरी भीती वाटते. मग माझी श्रद्धा कच्ची का?

देवाला श्रद्धाळू आणि धीट माणसं आवडतात असं तुम्ही ऐकलंय, पण तुम्हाला तर साध्यासाध्या गोष्टींची धास्ती वाटते, म्हणून हा प्रश्न. कच्ची वगैरे काही नाही. मीही जातीचा भित्रा आहे.

मी ख्रिस्ती, त्यामुळे मला इस्राएली लोकांचा पुढारी गिदोन आठवतो. बायबलमध्ये ‘शास्ते’ नावाचं पुस्तक आहे, त्यात अध्याय 6 ते 8 वाचा. मिद्यानी लोक पिकं लुटून न्यायचे, म्हणून हा गडी द्राक्षकुंडात, म्हणजे द्राक्षं तुडवायच्या खड्ड्यात, लपून गहू झोडत होता. उघडं खळं सोडून खड्ड्यात! वारा नाही तर भुसा उडणार कसा? अशा माणसाला देवदूत चक्क पराक्रमी वीर म्हणून हाक मारतो. मला दरवेळी हसू येतं.

पुढे देवानं त्याला बआल नावाच्या परक्या दैवताची वेदी पाडायला सांगितलं. पाडली, पण रात्री. घरच्यांना आणि गावकऱ्यांना घाबरून, असं तिथं स्वच्छ लिहिलंय. दिवसा का नाही पाडलीस, असं देव त्याला एका शब्दानं विचारत नाही. लोकरीवर दव पाड, मग उद्या लोकर कोरडी ठेव, अशा खुणाही त्यानं मागून घेतल्या. मिद्यान्यांशी लढाईच्या रात्री, त्याच्या 32,000 माणसांतली 300 उरली असताना, देवच म्हणतो की भीती वाटत असेल तर चाकराला सोबत घेऊन शत्रूच्या छावणीपर्यंत जाऊन ये.

आणि हाच गिदोन जिंकल्यावर लुटीच्या सोन्याचा एफोद, म्हणजे याजकाचं वस्त्र, करून बसला आणि सगळे देवाला सोडून त्या एफोदाचीच पूजा करू लागले. भित्रा होता तेव्हाच तो देवाच्या जास्त जवळ होता, असं माझं मत. तुम्हाला पटेलच असं नाही.

माझंच सांगतो. पूर्वीच्या नोकरीत साहेबांनी न आलेल्या मालाच्या पावतीवर सही मागितली. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. ‘सर, माल आलेला नाही’ एवढंच बोललो, तेही आवाज फाटून. जागेवर येऊन प्रार्थना करायला गेलो तर शब्दच सुचेनात. डबा तसाच घरी नेला. पण सही केली नव्हती.