थेट कंपनीकडून शेअर घेणार असशील तर

प्रिय,

तुझी मेल वाचली. अमेरिकेत नोकरीला लागून वर्ष होत नाही तोच तू अमेरिकन कंपन्यांचे शेअर थेट घेण्याबद्दल आणि लाभांश त्यातच परत गुंतवण्याबद्दल विचारतेस, हे मला आवडलं. तुझ्या वयाची बरीच मुलं ऑप्शन्सच्या सट्ट्यात हात पोळून घेतल्यावर मग या प्रश्नाशी येतात.

आधी एक गैरसमज काढू. ‘थेट’ म्हणजे कंपनीच्या दारात जाऊन पैसे भरायचे, असं नाही. कंपनीच्या भागधारकांची नोंदवही ट्रान्सफर एजंट सांभाळतो. कॉम्प्युटरशेअर हे त्यातलं सगळ्यात परिचित नाव. खातं त्याच्याकडे उघडायचं, बँकेतून दरमहा ठरलेली रक्कम वळती करायची आणि लाभांश जाहीर झाला की तो रोख न घेता त्याचेही शेअर घ्यायचे, अगदी अपूर्णांकात. यालाच सगळे ड्रिप (डिव्हिडंड रीइन्व्हेस्टमेंट प्लॅन) म्हणतात. बऱ्याचदा एजंट हे शेअर बाजारातूनच उचलतो. खरा फरक आहे तो नावाचा. ब्रोकरकडे ठेवलेले शेअर कंपनीच्या वहीत साधारणपणे सीड अँड कंपनी या नावावर दिसतात. ती मध्यवर्ती डिपॉझिटरीची, म्हणजे सगळ्यांचे शेअर एकत्र सांभाळणाऱ्या संस्थेची, नॉमिनी (नावापुरती धारक). मालकीचे हक्क तुझेच, पण वहीत तू नसतेस. ट्रान्सफर एजंटकडे नोंद तुझ्या नावाने होते.

तू लिहितेस की यात खर्च वाचतो. एके काळी वाचायचा. १ मे १९७५ पर्यंत अमेरिकेत ब्रोकरचं कमिशन ठरवून दिलेलं होतं, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं लहान गुंतवणूकदाराच्या छोट्या खरेदीतला मोठा तुकडा कमिशनमध्येच जात असे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मोठ्या ब्रोकरांनी शेअरवरचं कमिशन शून्यावर आणलं आणि हा मुद्दा निकालात निघाला. आता उलट काही थेट योजनांमध्ये खातं उघडायला, दर खरेदीला आणि विक्रीला वेगवेगळं शुल्क लागतं. समजा महिन्याला ५० डॉलर घालतेस आणि दर वेळी अडीच डॉलर कापले जातात. म्हणजे आत शिरतानाच पाच टक्के गेले. तीन टक्के लाभांश देणारी कंपनी ते भरून काढायला दीड वर्षाहून जास्त घेईल. लाभांशाची फेरगुंतवणूक तर बहुतेक ब्रोकरही फुकट करतात, फक्त खात्यात तो पर्याय चालू करावा लागतो.

मग थेट योजना घ्यायची कशासाठी? माझ्या मते एकाच कारणासाठी, आणि ते माहितीपत्रकात छापलेलं नसतं: तिथून विकणं कंटाळवाणं आहे. मनासारख्या क्षणी, मनासारख्या भावाला विक्री होईलच असं नाही. अनेकांच्या ऑर्डरी एकत्र करून त्या बाजारात टाकल्या जातात. बाजार कोसळला की फोन उघडून लाल आकडे बघत बसण्याची आणि बटण दाबण्याची सवय असेल, तर हा अडथळा तुझ्या फायद्याचा. तशी सवय नसेल तर ब्रोकर पुरे.

फेरगुंतवणुकीचं गणित एकदा कागदावर करून बघ, म्हणजे पहिली काही वर्षं निराश होणार नाहीस. १०० शेअर, भाव ५० डॉलर, दर तिमाहीला शेअरमागे ४० सेंट लाभांश. पहिल्या वेळी ४० डॉलर आले, त्यांत ०.८ शेअर आला. पुढच्या तिमाहीला लाभांश ४० डॉलर ३२ सेंट. वाढ किती, तर बत्तीस सेंट! हसू येण्यासारखाच आकडा आहे. पण भाव आणि लाभांश दोन्ही जागचे हलले नाहीत असं धरलं, तरी दहा वर्षांनी १३७ शेअर होतात आणि वीस वर्षांनी १८९, खिशातून नवा पैसा न घालता (कर वेगळा, त्याकडे येतो). मधेच भाव ४० वर आला तर त्याच ४० डॉलरमध्ये ०.८ ऐवजी पूर्ण एक शेअर येतो. म्हणून जमवण्याच्या वर्षांत भाव पडला तर दुःख करायचं कारण नाही, धंदा धड असेल तर.

हा ‘तर’ महत्त्वाचा. लाभांश ही वरकमाई नव्हे. एक्स-डेटच्या दिवशी (त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) शेअरचा भाव साधारण तेवढ्याच रकमेने खाली उघडतो; कंपनीच्या तिजोरीतले पैसे तुझ्याकडे आले, एवढंच. ते परत त्याच कंपनीत घालणं म्हणजे दर तिमाहीला नव्याने केलेली खरेदी, फक्त ती यंत्र करतं आणि यंत्र ताळेबंद वाचत नाही. जनरल इलेक्ट्रिकचं बघ. अमेरिकेतल्या निवडक बड्या कंपन्यांच्या डाऊ निर्देशांकात २०१८ पर्यंत शंभराहून जास्त वर्षं सलग राहिलेली कंपनी. तिचा तिमाही लाभांश २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये २४ सेंटवरून १२ वर आला, आणि पुढच्या वर्षअखेरीस एका सेंटवर. मधल्या काळात ज्यांची फेरगुंतवणूक चालू होती, त्यांचा पैसा दर तिमाहीला घसरत्या धंद्यात निमूटपणे जातच राहिला. इंटेलने २०२४ मध्ये लाभांश थांबवलाच. दुसरीकडे प्रॉक्टर अँड गँबल १८९० पासून न चुकता लाभांश देते आहे. ‘इतकी वर्षं दिला’ या एका निकषावर २०१० च्या सुमाराला इंटेलही निर्धोकच वाटली असती. त्यामुळे वर्षातून एकदा, वार्षिक अहवाल आला की, रोखप्रवाहाचं पान उघड. व्यवसायातून आलेल्या रोखीतून यंत्रसामग्रीचा वगैरे भांडवली खर्च वजा करून जे उरतं, त्यातून लाभांश भागतो का, की कर्ज काढून दिला जातो, एवढं बघ. आणि लाभांशाचा दर अचानक सात-आठ टक्के दिसायला लागला तर खूश होऊ नकोस. बहुधा भाव पडल्यामुळे तो तसा दिसतो आहे.

तुझ्याच कंपनीच्या शेअरबद्दल विचारलंस. पगार तिथून आणि बचतही तिथेच, हे मला पटत नाही. एन्रॉन २००१ मध्ये बुडाली तेव्हा तिच्या कर्मचाऱ्यांची नोकरी आणि निवृत्तीची पुंजी एकदमच गेली.

आता कर. लाभांश हातात आला नाही तरी तो त्या वर्षीचं उत्पन्नच असतो आणि १०९९-डिव्ह या लाभांशाच्या कर-फॉर्मवर येतो. एक्स-डेटच्या ६० दिवस आधीपासूनच्या १२१ दिवसांत शेअर ६० हून जास्त दिवस तुझ्याकडे असला, तर सहसा कमी दराचा कर बसतो: उत्पन्नाप्रमाणे शून्य, १५ किंवा २० टक्के. हा कर भरायला रोख बाजूला ठेव. शिवाय प्रत्येक फेरगुंतवणूक ही वेगळ्या किमतीची वेगळी खरेदी. वीस वर्षांत नुसत्या लाभांशाच्याच ८० होतात. २०१२ पासूनच्या ड्रिप खरेदीची किंमत एजंटने कर खात्याला कळवायची असते, तरीही स्टेटमेंट स्वतःकडे उतरवून ठेव. आणि तोट्यात विकायची वेळ आली, तर आधी फेरगुंतवणूक बंद कर. विक्रीच्या मागे-पुढे ३० दिवसांत लाभांशातून त्याच कंपनीचा पाऊण शेअर जरी आला, तरी तेवढ्यापुरता तोटा वॉश सेलच्या नियमाखाली नाकारला जातो.

घर बदलशील तेव्हा एजंटला पत्ता कळव आणि वर्षातून एकदा खात्यात लॉगिन कर. बरीच वर्षं काहीच संपर्क नसेल (अनेक राज्यांत तीन ते पाच) तर शेअर बेवारस समजून राज्याकडे जमा होतात, आणि आपोआप होणारी फेरगुंतवणूक संपर्क म्हणून धरली जाईलच असं नाही. शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचे तर मेडॅलियन गॅरंटीचा, म्हणजे सही तुझीच असल्याची हमी देणारा, शिक्का लागतो. नोटरीचा चालत नाही आणि सगळ्या बँका तो देत नाहीत.

भारतात परतायचा विचार पक्का झाला तर दोन गोष्टी आधी बघ. तू अमेरिकेची करदाती रहिवासी नाहीस असं सांगणारा डब्ल्यू-८ बेन फॉर्म भरला की लाभांशातून ३० ऐवजी २५ टक्के कर कापला जातो. फॉर्म ठरावीक वर्षांनी नव्याने भरावा लागतो. आणि अमेरिकेचं नागरिकत्व किंवा तिथं कायमचं वास्तव्य नसलेल्या माणसाच्या मृत्यूनंतर ६०,००० डॉलरच्या वरच्या अमेरिकन शेअरवर तिथला इस्टेट टॅक्स (मागे ठेवलेल्या मालमत्तेवरचा कर) लागू होतो. तुझ्या वयाला हे लांबचं वाटेल, पण वीस वर्षं जमवत गेलीस तर हा आकडा सहज ओलांडशील.

तू लिहिलेल्या दोन कंपन्यांपैकी पहिलीच्या योजनेच्या प्रॉस्पेक्टसमधलं शुल्काचं पान मला पाठव, सोबत तू दरमहा किती घालणार आहेस तेही लिही. दुसरीचा रोखप्रवाह मात्र आधी तू स्वतः बघ, मग आपण फोनवर बोलू.

अनेक आशीर्वाद.