टेकडीवरचा व्यायाम आणि कचरावेचणी

प्रश्न : माझे वय ६१ असून मी कोथरूडला राहतो. रोज सकाळी वेताळ टेकडीवर तासभर फिरताना वाटेतल्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे गोळा करतो. सतत थांबल्याने व्यायाम होत नाही, असे मुलाचे म्हणणे आहे. शिवाय हल्ली कंबर दुखते. हे काम सोडावे का? आणि गोळा केलेला कचरा कोणाकडे द्यावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : काम मुळीच सोडू नका. मुलाच्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे, कारण दर दहा पावलांवर थांबले की चालण्याची लय टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालावे. टेकडी चढताना २५ मिनिटे न थांबता असे चाललात, तर सहा दिवसांत तेवढा व्यायाम होतो. कचरा उतरताना वेचावा. स्वीडनमध्ये एरिक आल्स्ट्रम यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘प्लॉगिंग’मध्ये पळता पळता कचरा उचलतात, परंतु आपल्या वयाला आणि टेकडीच्या मुरमाड उतारांना चालणेच योग्य.

कंबरदुखीचे कारण बहुधा गुडघे ताठ ठेवून वाकण्यात आणि पिशवी एकाच हातात धरण्यात असावे. लांब दांड्याचा चिमटा घ्या, पिशवीचा हात बदलत राहा. दुखणे पायात उतरत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

गवतात किंवा दगडांच्या फटीत अडकलेल्या वस्तूला हात घालू नये, कारण तेथे विंचू किंवा फुरसे असू शकते. हातमोजे घालावेत आणि धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असल्यास पुन्हा घ्यावी. इंजेक्शनच्या सुया उचलू नयेत. जागा लक्षात ठेवून महापालिकेच्या आरोग्य कोठीला, म्हणजे भागातल्या सफाई कर्मचाऱ्यांच्या कार्यालयाला, कळवावे. पालापाचोळा मात्र तेथेच राहू द्यावा, त्यातूनच टेकडीची माती तयार होते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो. गोळा केलेली पिशवी टेकडीच्या पायथ्याशी ठेवली, तर कुत्री ती फाडतात आणि कचरा पुन्हा पसरतो, म्हणून ती घरी न्यावी. २००८ मध्ये झालेल्या करारापासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला महापालिकेसाठी घरोघरचा कचरा गोळा करतात, आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीतून त्यांच्या कमाईत भर पडते. त्यामुळे बाटल्या, डबे रिकामे करून वेगळे द्यावेत. गुटख्याच्या पुड्यांना आणि चिखलाने माखलेल्या पाकिटांना भाव मिळत नाही, तेव्हा ती बाटल्यांमध्ये मिसळू नयेत. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून, वर तसे लिहून हातात द्यावी. तुमच्या घरचा नसलेला हा कचरा म्हणजे त्यांच्यासाठी जादा ओझे आहे, म्हणून तो रोज द्यावा की आठवड्यातून एकदा, हे आधी त्यांनाच विचारून घ्यावे.